दुसऱ्याचं पथ्य

शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांत माय राहायला आली तेव्हा तिच्या पायांवर सूज होती. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. सोयगावजवळच्या आमच्या गावात धाकटा भाऊ शेती बघायचा. माय आयुष्यभर तिथंच राहिलेली. पण सूज उतरेना आणि मळ्यापर्यंत चालतानाही तिला धाप लागायला लागली, तेव्हा भावानं तिला फर्दापूरवरून येणाऱ्या एस.टी.त बसवून माझ्याकडे धाडलं. घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलेलं नव्हतं. माझ्या जिभेला भिऊन स्थळं परत जातात असं माय म्हणायची, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत होते. आलेला कागद नोंदवायचा, त्यावर क्रमांक टाकायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचा. तोंडी सांगितलेलं मी मानत नसे. साहेब दारात उभे राहून काही बोलले तरी मी म्हणायची, लेखी द्या. सगळी कचेरी मला टरकून असायची आणि मला त्याचा मोठा तोरा होता.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्कर डॉक्टर बसायचे. मी मायला तिथं नेलं. रक्तदाब बराच वाढलेला निघाला. माझी कचेरीची वेळ होत आली होती, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताच मी ती घेऊन शेजारच्या औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहिले. माय आतच बसून होती आणि डॉक्टर तिच्याशी काही बोलत होते, एवढं मी रांगेतून पाहिलं. चिठ्ठीवर एकच गोळी होती, रोज सकाळी एक. दुकानदार म्हणाला, ही पाण्याची गोळी आहे, लघवी जास्त होईल, घाबरू नका. खाली दोन ओळी होत्या: मीठ कमी करावे. पंधरा दिवसांनी दाखवावे.

परत येताना माय म्हणाली, "डॉक्टर म्हन्ला, रोज केळी खात जा."

मला हसूच आलं. मायचा जीव केळीत होता. भावानं मळ्यात केळीची बाग लावल्यापासून तिच्या हरेक दुखण्यावर केळं हेच औषध होतं. डोकं दुखलं तरी केळं आणि पाय मुरगळला तरी केळं. मी तिथंच रस्त्यात थांबून चिठ्ठी तिच्यासमोर धरली आणि विचारलं की यात लिहिलंय का तसं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि ती चालायला लागली. तिला अजून काही सांगायचं होतं हे मला दिसलं होतं. पण माझी बस चुकत होती.

त्याच आठवड्यात कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यापाशी मी मायच्या सुजेचा विषय काढला. त्याच्या सासऱ्यांच्याही पायांवर सूज होती. त्यांना मूत्रपिंडाचं दुखणं होतं, आणि कुणा मोठ्या डॉक्टरनं त्यांना पथ्याचा टंकलिखित कागद दिला होता. त्या पथ्यावर सासरे कसे टिकून आहेत हे त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत सविस्तर सांगितलं. मूत्रपिंड हा शब्द मी ऐकला नाही असं नाही. पण माझ्या डोक्यात सूज ती सूज, एवढंच बसलं. दुसऱ्या दिवशी त्यानं कागद आणला. मी तो ठळक अक्षरात, तांबड्या शाईनं रेघा मारून उतरवून काढला आणि घरी येऊन कणकेच्या खळीनं स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला.

त्या कागदानं आमच्या घरातलं खाणंपिणं ताब्यात घेतलं. केळी बंद, शहाळ्याचं पाणी बंद, टोमॅटो, पालक, चिंच, खजूर बंद. डाळीचं वरण पातळ आणि तेही अर्धी वाटी. भाजी बारीक चिरायची, दोन तास पाण्यात ठेवायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग दुसऱ्या पाण्यात उकळायची आणि तेही पाणी मोरीत ओतायचं. हे ऐकून मायनं कपाळाला हात लावला होता.

"भाजीचं पानी मोरीत वतायचं व्हय? मंग खायाचं काय, चोथा?"

मी म्हणाले, कागदात तसं आहे. जिनं गावात पंचायतीच्या माणसांना दोन शब्दांत गप्प केलं होतं, ती माझ्या घरात एका कागदापुढे गप्प बसायची. मला वाटायचं, चला, शहाणी झाली.

भाऊ दर आठवड्याला एस.टी.च्या वाहकाजवळ केळ्यांच्या दोन-तीन फण्या पाठवायचा. मी स्टँडवरून त्या आणायची, एक शेजारणीला द्यायची आणि उरलेल्या कचेरीत वाटून टाकायची. तेवढ्या वेळात घरभर पिकल्या केळ्यांचा वास सुटलेला असायचा आणि माय दाराकडे पाठ करून बसलेली असायची. एकदा तिच्या उशीखाली मला केळ्याचं साल सापडलं. मी ते दोन बोटांत धरून तिच्यासमोर नाचवलं. लहान पोराला बोलावं तसं बोलले, तुला जगायचं आहे की नाही, असंही म्हणाले. ती म्हणाली, एकच होतं. त्यानंतर तिनं कधी केळ्याला हात लावला नाही.

सूज उतरली. पंधरा दिवसांत तिच्या पायांचे घोटे दिसायला लागले आणि मी चालता-बोलता मिरवायला लागले. पंधरा दिवसांनी दाखवावे ही चिठ्ठीवरची ओळ मात्र मी सोयीनं पुढे ढकलली. मार्चअखेर होती, रजा मिळत नव्हती आणि सूज तर गेली होती. मी गोळ्या आणत राहिले आणि रोज सकाळी उठल्याबरोबर स्वतःच्या हातानं तिला देत राहिले.

एप्रिलमध्ये तिच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मधूनच ती कळवळून पाय धरून बसायची. पायऱ्या चढताना कठड्याला धरायची आणि मध्येच थांबायची. छातीत चिमणी फडफडल्यावानी होतं, असंही एकदा म्हणाली. डॉक्टरला विचारावं का, असं तिनं मला दोनदा विचारलं. मी म्हणाले, ऊन आहे, वय आहे, आणि तू चोरून मीठ खात असशील. ती मीठ खात नव्हती.

मग मे महिन्यात तिला दोन दिवस जुलाब झाले. शेजारीण शहाळं घेऊन आली. मी तिला दारावरचा कागद दाखवला आणि शहाळं परत दिलं. बाई रागावली नाही, नुसती मायकडे बघत राहिली. मी मायला तांदळाची पेज दिली आणि दोन्ही सकाळी पाण्याची गोळीही दिली, कारण चिठ्ठीवर रोज असं लिहिलेलं होतं. जुलाब होत असताना अंगातलं पाणी काढणारी गोळी देऊ नये हे कुणालाही सुचलं असतं. मला सुचलं नाही.

तिसरा दिवस रविवार होता. दुपारी माय स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सुपात गहू निवडत होती. मी चहा टाकला आणि तिला बाहेरच्या खोलीत ये म्हणाले. ती आली नाही. पुन्हा हाक मारली. मग आत जाऊन पाहिलं तर ती तशीच बसलेली होती, दोन्ही हात जमिनीवर टेकून.

"उठवना," ती म्हणाली.

मी काय म्हणाले ते मला विसरायचं आहे आणि विसरता येत नाही. मी म्हणाले, "पुरे झाली नाटकं, माय."

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मायला घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. मळ्यात साप निघाला तेव्हाही ती घाबरली नव्हती.

"मपले पाय मपले वाटंनात," ती म्हणाली.

मी तिच्या काखेत हात घालून तिला ओढलं. तिचे पाय ओल्या धुण्यासारखे माझ्या पायांत गुंतले आणि आम्ही दोघी खाली बसलो. सूप कलंडलं, गहू सगळीकडे पसरला. मी तिच्या पायाला चिमटा काढला. दुखतंय म्हणाली. पाय उचल म्हणाले तर अंगठा जरासा हलला, बाकी काही नाही. लकवा, असं माझ्या मनात आलं. पण लकव्यात एक बाजू जाते, तोंड वाकडं होतं. हिचं तोंड सरळ होतं, बोलणं स्वच्छ होतं. हळूहळू तिचे हातही जड झाले. पाण्याचा पेला तिच्या हातातून निसटला. मान धरवत नाही म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून राहिली. एकेक करून तिचं सगळं अंग बंद पडत होतं, आणि ते कुठं जाऊन थांबणार हे मला ठाऊक नव्हतं.

मी किंचाळले असणार, कारण शेजारीण धावत आली. तिनंही लकवाच म्हटला. तिच्या माहेरी लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारा एक माणूस होता, त्याच्याकडे न्यावं असं तिचं म्हणणं पडलं. मी तिच्यावर ओरडले. ती तशीच चपला न घालता रिक्षा आणायला पळाली. आम्ही तिघांनी, म्हणजे तिनं, मी आणि रिक्षावाल्यानं, मायला उचलून आत ठेवलं. रिक्षावाला मला म्हणाला, "आपा, अम्मा का सर संभालो, मैं आहिस्ता चलातूं." आणि खरंच त्यानं एकही खड्डा लागू दिला नाही.

मी मायचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या छातीवर हात ठेवला होता. काळीज धडधडत होतं. मग मध्येच एक ठोका चुकला. माझ्या हाताखाली काहीच नाही. मी श्वास धरून वाट बघितली. मग एकदम एक मोठा ठोका, त्यामागून घाईघाईनं तीन-चार, आणि पुन्हा रिकामं. दवाखाना येईपर्यंत मी दुसरं काहीही केलं नाही, नुसती पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिले. इतकी वर्षं झाली, अजूनही कधी भर दुपारी माझ्या तळहाताला ती रिकामी जागा लागते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं मायच्या छातीला तारा लावून काळजाची पट्टी काढली, ती हातात धरली आणि इतका वेळ बघत राहिली की मला उभं राहवेना. रक्त तपासायला पाठवलं. मग तिनं मला विचारलं की कोणती गोळी चालू आहे आणि आई काय खाते. मी गोळीची चिठ्ठी दिली. आणि काय खाते याचं उत्तर म्हणून दारावरचा सगळा कागद मी तिला घडाघडा म्हणून दाखवला. काय बंद, काय कमी, भाजीचं पहिलं पाणी, भाजीचं दुसरं पाणी. एवढ्या भीतीतसुद्धा माझ्या आवाजात थोडी ऐट होती. लेक कशी काटेकोर काळजी घेते हे तिला कळावं असं मला वाटत होतं.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. "हे पथ्य कुणाचं आहे?"

मी म्हणाले, आमच्या सहकाऱ्याच्या सासऱ्यांचं.

तिनं मला बसायला सांगितलं. मग हळू आवाजात समजावलं. त्या सासऱ्यांची मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत, ते साचलं तर त्यांच्या जिवावर बेतेल, म्हणून त्यांना ते वर्ज्य. माझ्या मायचं नेमकं उलट होतं. "तुमच्या आईच्या अंगातलं पोटॅशियम गोळीनं लघवीवाटे बाहेर काढलं, मग जुलाबांनी काढलं. आणि जे जेवणातून परत मिळायचं ते तुम्ही मोरीत ओतलंत. स्नायूंना हलायला ते लागतं, बाई. हृदयही स्नायूच आहे."

मी विचारलं, वाचेल ना? ती म्हणाली, आजची संध्याकाळ जाऊ द्या. सलाईनमधून पोटॅशियम द्यायचं, पण अगदी सावकाश, कारण घाईनं दिलं तर तेच काळीज थांबवतं. तोवर यंत्रावर लक्ष ठेवायचं.

मग तिनं सहज विचारलं, "ही गोळी देताना केळी, शहाळं घ्यायला सांगितलं नव्हतं का?"

रस्त्यातली ती चिठ्ठी, माझं हसणं, तिची नजर, सगळं एकदम समोर आलं. मी काही बोलायच्या आधी खाटेवरून मायचा आवाज आला. तिला मान वळवता येत नव्हती, ती छताकडे बघत बोलली.

"सांगितलं व्हतं. मपल्याच ध्यानात ऱ्हायलं नाय."

डॉक्टरीणबाईनं मान डोलावली आणि पुढे लिहायला लागली. मी तिला खरं सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

सलाईन लागलं. पोटॅशियम शिरेतून जाताना जळतं, हे मला तेव्हा कळलं. मायच्या हाताची आग होत होती, ती ओठ दाबून पडली होती आणि ज्या हातानं मी तिला रोज गोळी देत होते त्याच हातानं मी तिच्या मनगटावर ओला रुमाल फिरवत होते. यंत्रावरची रेघ वर-खाली जात होती. ती जरा वेडीवाकडी झाली की मी सिस्टरांकडे धावायची. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, बसा, आमचं लक्ष आहे. पण मला बसवेना. माय गेली तर मीच मारली असं होणार होतं, आणि ते एकट्या मलाच माहीत राहणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईनं तिला पाय उचलायला सांगितलं. मायनं उजवा पाय उचलला, वीतभर. मग डावा. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

निरोप मिळाल्यावर दुपारी भाऊ आला, डोक्यावर केळ्यांचा अख्खा घड घेऊन. त्याला सगळं सांगितलं, म्हणजे माझ्या सोयीचं तेवढंच सांगितलं. तो खाटेशी उकिडवा बसला आणि विचार करत म्हणाला, "आक्का, केळीला पोटॅश कमी पडलं ना, तर पान कडंनं पिवळं पडून जळत येतं. झाड उभं दिसतं, पर दम नसतो त्यात." मग मायच्या पायावर हात ठेवून म्हणाला की झाडांना मी पोत्यानं घालतो, आणि मायला कुणी घातलं नाही. त्याचा टोमणा नव्हता. तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता, तिला शहरात धाडल्याबद्दल.

माय उठून बसली आहे या आनंदात तो वॉर्डभर केळी वाटत सुटला. माझं लक्ष गेलं तेव्हा समोरच्या खाटेवरचा चेहरा सुजलेला म्हातारा केळं सोलत होता. त्याच्या उशाशी लटकवलेल्या तक्त्यावर मूत्रपिंड हा शब्द मी आदल्या दिवशीच वाचला होता. मी धावले आणि त्याच्या हातातलं केळं हिसकावून घेतलं. म्हातारा भांबावला, भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. सिस्टर आल्या, तक्ता बघितला आणि बरं केलंत म्हणाल्या. एकाला जगवणारं केळं दुसऱ्याला मारू शकत होतं, आणि भावानं ते प्रेमानंच वाटलं होतं, मीही ते प्रेमानंच बंद केलं होतं.

त्या संध्याकाळी भाऊ चहा प्यायला गेला असताना मी मायला विचारलं की पहिल्या डॉक्टरनं त्या दिवशी अजून काय काय सांगितलं होतं. तिनं सगळं क्रमानं सांगितलं. रोज केळी खा, शहाळं पी, जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी थांबव, आणि पायात गोळे आले किंवा छातीत फडफडलं तर त्याच दिवशी ये. दोन महिन्यांपूर्वी एकदाच ऐकलेलं, एकही गोष्ट न विसरता.

"मग मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"सांगाया लागले व्हते. तू कागद दावला. मला वाटलं, मीच येगळं आयकलं आसंल. तू शिकलेली. मपल्या कानापरीस तुव्हा कागद खरा."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती असती तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरीणबाईनं नवी गोळी, पोटॅशियमचं कडू-खारट औषध किती दिवस आणि किती पाण्यात द्यायचं, रक्त पुन्हा कधी तपासायचं, हे सगळं कागदावर लिहिलं आणि कागद माझ्यापुढे धरला. मी तो घेतला नाही. म्हणाले, "आधी तिला सांगा. तिच्या ध्यानात राहतं. त्या वेळीही राहिलं होतं. मीच ऐकून घेतलं नाही."

डॉक्टरीणबाईनं मायकडे बघितलं. मायनं पदर सारखा केला आणि मान खाली घातली. मग बाई खाटेवर बसली आणि तिनं एकेक गोष्ट मायला समजावून सांगितली. त्यानंतर मी कागद घेतला.

भाऊ पिशव्या घेऊन मागून येणार होता. रिक्षात बसल्यावर मी मायला म्हणाले, डॉक्टरीण काय म्हणाली, सांग. तिनं पहिल्यापासून सुरू केलं. मध्ये दोनदा ती थांबली आणि माझ्याकडे बघितलं, मी काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही. ती पुढे सांगत गेली. उस्मानपुऱ्याचा चौक आला तेव्हाही तिचं चाललंच होतं, आणि कागद माझ्या मुठीत घडी घातलेला होता.